सही दुसऱ्याच्या हातात असते तेव्हा

२०२४च्या पोलीस भरतीत राज्यभरात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले सतरा लाखांच्या वर. एकाच पोराने शिपाई, चालक अशा दोन-तीन ठिकाणी फॉर्म भरला असेल हे धरलं, तरी शंभरातले पंचाण्णवांहून जास्त जण हात हलवत घरी परतणार, हे फॉर्म भरायच्या दिवशीच नक्की होतं. धानोऱ्याच्या चौकात चहा पिणाऱ्या कुठल्याही पोराला हे गणित येतं. तरी पहाटे गडचिरोली रस्त्याने धावणारे काही कमी होत नाहीत, आणि त्यांनी कमी व्हावं असं मला वाटतही नाही. चातगावपासून मुरूमगावपर्यंत पावसावरचं धान, उन्हाळ्यात मोह आणि तेंदू, मिळालं तर रोजगार हमीचं काम, एवढ्यावर घरं चालतात. महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम आणणारा घरात एक माणूस असला, की धाकटीचं कॉलेज सुटत नाही आणि बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या हंगामावर जात नाही. स्वप्न मोठं असायला पद मोठं लागत नाही. तलाठी, वनरक्षक, शिपाई, नर्स हीसुद्धा आपल्याकडे मोठी स्वप्नं आहेत.

हा लेख त्या परतणाऱ्या पोरापोरींसाठी आहे. ज्याचं नाव यादीत लागतं त्याच्यासाठी शाल-श्रीफळ असतं, क्लासच्या फ्लेक्सवर फोटो असतो. मग तो माईक हातात घेऊन सांगतो, मेहनत करा, हार मानू नका, यश मिळतंच. तो खोटं बोलत नाही. त्याला मिळालेलं असतं. पण समोरच्या खुर्च्यांवर त्याच्याइतकंच धावलेले, त्याच्याइतकंच वाचलेले आणि दोन मार्कांनी राहिलेले बसलेले असतात. यश मिळतंच असं त्यांना सांगणं म्हणजे तुमची मेहनत कमी पडली असं तोंडावर सांगणं. सत्कार जरूर करा, पण माईक देताना त्याला एवढं सांगा, की तू काय केलंस ते सांग, बाकीच्यांनी काय केलं नाही ते सांगू नकोस.

मोठ्या स्वप्नाचे दोन भाग असतात. एक भाग आपण करायचा आणि दुसऱ्या भागावर कुणाची तरी सही लागते. आयोगाची, मंत्रालयाची, न्यायालयाची, कधी नुसत्या नशिबाची. अपयश आलं की आपण दोन्ही भाग एकाच पोत्यात भरून स्वतःच्या पाठीवर घेतो. गेल्या काही वर्षांत सहीच्या भागात काय काय घडलं ते आठवून पाहा. मार्च २०२१मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली आणि पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला. डिसेंबरात म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली, तेव्हा कित्येक पोरं रात्रीच्या एसटीत बसून केंद्राच्या गावाला निघालेली होती. २०२३च्या तलाठी भरतीला दहा लाखांवर अर्ज आले, परीक्षा अनेक सत्रांत झाली आणि नॉर्मलायझेशननंतर एकाला २००पैकी २१४ गुण पडले. आपल्या गडचिरोलीसकट पेसा (अनुसूचित आदिवासी) क्षेत्र असलेल्या जिल्ह्यांचा निकाल तर सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणात अडकून बसला. राज्यातल्या बाकी जिल्ह्यांची यादी लागली आणि आपली पोरं मोबाईलवर त्या दुसऱ्यांच्या याद्या वाचत बसली.

यातलं काहीच तुमच्या अभ्यासाने बदललं नसतं. पाऊस दगा देऊन गेला तर तुमचा बाप स्वतःला नापास म्हणत नाही. पण परे वेळेवर टाकले नाहीत, तर त्याचा दोष तो स्वतःकडे घेतो. आपल्याला हा फरक बांधीत कळतो, मात्र निकालाच्या यादीपुढे कळेनासा होतो.

तर मग निकाल लागला आणि नाव नाही. आता काय करायचं?

पहिले काही दिवस एकच पथ्य पाळा, कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. पुस्तकं विकायची नाहीत, जाळायची तर नाहीतच. नागपूरची खोली त्याच रात्री सोडायची नाही. ‘पुढच्या वर्षी दाखवतो’ अशी शपथही घेऊ नका, कारण अशा शपथेचा राग नंतर स्वतःवरच निघतो. घरी मात्र त्याच दिवशी सांगा आणि स्वतः सांगा. ‘बाबा, या वेळी झालं नाही. कट-ऑफ एवढा होता, मला एवढे पडले.’ एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. लपवलं तर दुसऱ्या दिवशी शेजारचा कुणीतरी ते सांगतो आणि मग बोलायला बसलं की घरात निकालापेक्षा लपवण्यावरच भांडण होतं. त्यानंतर हातांना काम द्या. रोवणा चालू असेल तर बांधीत उतरा, कापणी असेल तर विळा घ्या. मनाला बरं वाटावं म्हणून नाही, तर दिवसभर वाकून काम केलेल्या माणसाला रात्री झोप लागते म्हणून. न झोपलेल्या माणसाने निकालाचा विचार करू नये.

मोबाईलचंही सांगून टाकतो. भरतीचे ग्रुप त्या आठवड्यात म्यूट करा. तिथे ज्यांचं झालं ते पेढ्यांचे फोटो टाकतात आणि ज्यांचं झालं नाही ते सगळंच सेटिंग असतं असं लिहितात. दोघांचंही वाचून आपल्या हाती काही लागत नाही.

आठ-दहा दिवस गेले की बसायचं. कसं बसायचं हे शिकायला पुण्याच्या क्लासला जावं लागत नाही. आपल्याच तालुक्यात, गडचिरोली-धानोरा रस्त्यावर, मेंढा (लेखा) आहे. शंभराच्या आसपास घरांचं गोंड गाव, पण ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे देशभर ठाऊक झालेलं. मेंढ्याची गोष्ट आपण नेहमी विजयाची म्हणून ऐकतो. मला ती नकारांची वाटते. १९८०च्या दशकात इचंपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध जी चळवळ झाली, तिच्यातून हे गाव बोलू लागलं. गावाने घोटुल, म्हणजे तरुणांचं सामुदायिक घर, उभारला तर विनापरवाना लाकूड वापरलं म्हणून वनखात्याने तो पाडला. गावाने परत बांधला, आसपासच्या गावांनीही बांधायला घेतले. २००६ला वनहक्क कायदा आला. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मेंढ्याला मिळाला आणि देशात सगळ्यात आधी हा हक्क मिळवणाऱ्या गावांत त्याचं नाव लागलं. एवढं झाल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना, टीपी, लागतो आणि तो वनखातं देईना. जंगलाचा हक्क आपला, बांबू आपला, तोडणारे हात आपले आणि सही दुसऱ्याची! २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते, आणि टीपीचं पुस्तकच ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं, तेव्हा ती कोंडी फुटली. पुढे २०१३मध्ये गावाने आपली शेतजमीन ग्रामदानात देण्याचं ठरवलं. त्यासाठीचा कायदा १९६४चा, आपल्याच राज्याचा. तरी सरकारी कागदाची वाट पाहण्यात वर्षांमागून वर्षं गेली आणि शेवटी गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं दार ठोठावावं लागलं.

या सगळ्या काळात गाव वेडं झालं नाही. याचं श्रेय मी एका साध्या पद्धतीला देतो. गावचे देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी यांनी मिळून अभ्यासगट सुरू केला. अभ्यासगटात कुणीही यावं, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावं, कागद वाचावेत, वाद घालावा. पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय होतो ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. समजून घेण्याची जागा वेगळी आणि ठरवण्याची वेगळी. आपण निकालानंतर नेमकी इथेच गल्लत करतो. रडता रडता ठरवतो आणि ठरवून झाल्यावर समजून घ्यायला बसतो.

तेव्हा भरतीची तयारी करणाऱ्या चार-पाच जणांचा अभ्यासगट करा. गावच्या समाजमंदिरात, शाळेच्या ओट्यावर, वाचनालयात, कुठेही चालेल. सगळे नापास झालेलेच असावेत असं नाही, पण निम्मे तरी असावेत. एखादा लागलेला शिपाई सुट्टीवर आला असेल तर त्यालाही बसवा, पण त्याचं भाषण नको, त्याची उत्तरपत्रिका हवी. प्रत्येकाने आपले कागद आणायचे. ग्राउंडचे गुण, लेखीचे गुण, उत्तरतालिका, रिस्पॉन्स शीट, आपल्या प्रवर्गाचा कट-ऑफ. मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे माझ्या हातातलं, उजवीकडे सहीतलं.

एक नमुना देतो. शिपाई भरतीत ग्राउंड ५० गुणांचं आणि लेखी १०० गुणांची. ग्राउंडला निम्मे गुण हवेतच. वर जागेमागे दहा या हिशोबाने जे वरचे असतील तेच लेखीला जातात. आता समजा एक पोरगा लेखीपर्यंत पोचला आणि तीन गुणांनी राहिला. तो म्हणतो, लेखी कठीण होती. पान उघडल्यावर दिसतं, की गणित आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न त्याने बरे सोडवले, पण गोळाफेकीत गुण सांडले, कारण गावात गोळाच नव्हता आणि तो दगड फेकून सराव करत होता. हे डावीकडचं. चौघांनी वर्गणी काढली की गोळा येतो. त्याच पोराच्या उजव्या बाजूला काय? आपल्या घटकात त्या वर्षी निघालेल्या जागा, ग्राउंडच्या दिवशीचं ऊन किंवा चिखल, त्याच्या प्रवर्गात किती जणांनी अर्ज केला. हे लिहायचं, वाचायचं आणि तिथेच सोडायचं. उजवीकडचं लिहून ठेवलं नाही तर ते रात्री डोक्यात फिरत राहतं आणि डावीकडचं लिहिलं नाही तर पुढच्या भरतीला तोच दगड फेकला जातो.

पण एक नीट लक्षात घ्या. डावी बाजू पूर्ण रिकामी निघाली, म्हणजे सगळं केलं आणि तरी झालं नाही, तर बळेच काही दोष शोधून भरू नका. असं होतं. सतरा हजार जागा आणि सतरा लाख अर्ज असताना तर बऱ्याच जणांचं होतं.

मेंढ्याची पद्धत घ्यावी, मेंढ्याचा धीर मात्र जसाच्या तसा घेऊ नये, असं माझं मत आहे. गावाला वयाची अट नसते. गाव दहा वर्षं थांबलं तरी गावच राहतं, एक पिढी थकली तर दुसरी कागद पुढे नेते. शिपाई भरतीत खुल्या गटाला २८ आणि मागास प्रवर्गांना ३३ ही वयाची कमाल मर्यादा आहे. एमपीएससीला ती आणखी लांब, ३८ आणि ४३. ही मर्यादा सरकारने ठरवलेली आहे आणि ती फसवी आहे. ती सांगते, तू अजून अर्ज करू शकतोस. अर्ज करावा का, हे ती सांगत नाही. ३३ वर्षं पूर्ण होईपर्यंत दरवर्षी ‘हे शेवटचं’ म्हणणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. त्यांच्यात आळशी कुणीच नाही. त्यांनी थांबायची तारीख सरकारवर सोडली, एवढंच.

म्हणून आपली मर्यादा आपण ठरवायची, सरकारच्या मर्यादेच्या बरीच आधी. आणि ती निकालाच्या दिवशी ठरवायची नाही, फॉर्म भरायच्या दिवशी ठरवायची, घरच्यांना समोर बसवून. ‘या दोन भरत्या पूर्णवेळ करतो. त्यानंतर कामाला लागतो आणि जमेल तेव्हा फॉर्म भरतो.’ इथे वर्षांपेक्षा भरत्या मोजलेल्या बऱ्या, कारण आपल्याकडे दोन वर्षं जाहिरातच निघत नाही असंही होतं. वाटल्यास कागदावर लिहून तुमच्या आणि घरच्यांच्या सह्या करा. या कागदावरच्या सह्या तरी आपल्या हातातल्या आहेत. पूर्णवेळ तयारी थांबवणं म्हणजे स्वप्न सोडणं नव्हे. फक्त स्वप्नाच्या नावाखाली बाकीचं जगणं थांबवून ठेवायचं नाही.

पैशाबद्दल लोक बोलत नाहीत, म्हणून मी थोडं जास्त बोलतो. २०२३च्या तलाठी भरतीला खुल्या गटासाठी फी १,००० रुपये होती आणि राखीव गटासाठी ९००. हा एक फॉर्म. वर्षात असे चार-पाच फॉर्म, शिवाय केंद्र लांब आलं तर गाडीभाडं, एक रात्र राहणं, जेवण. नागपूर-पुण्यात राहून तयारी म्हणजे खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी, क्लासची फी. घरचे हा आकडा कधी विचारत नाहीत आणि पोरगं सांगत नाही. मग धान विकून आलेले पैसे, तेंदूची मजुरी, बायांच्या बचत गटाचं कर्ज, सगळं थोडं थोडं त्यात जातं. निकाल उलटा लागला की खरा घाव बसतो तो इथे. नापास झाल्यापेक्षा ‘एवढा पैसा खाल्ला’ हे जास्त सलतं. यावर उपाय साधा आहे. तयारीचा खर्च एका वहीत लिहा आणि वही घरात सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. बैलजोडी विकून, शेत गहाण टाकून, सावकाराकडून व्याजाने पैसे काढून तयारी करू नका. जे स्वप्न पूर्ण व्हायला दुसऱ्याची सही लागते, त्याच्यावर घरचं शेत लावायचं नसतं. आणि कुणी ‘इतके लाख दे, मी करून देतो’ म्हणाला, तर तो करून देणार नाही हे पक्कं समजा. त्याची सही कुठेच चालत नाही, म्हणून तर तो तुमच्यापर्यंत आलेला असतो.

आता मधल्या काळाचं. जाहिरात आणि निकाल यांच्यात आपल्याकडे कधी वर्ष जातं, कधी दोन. या काळात करायचं काय? ‘अभ्यास’ हे उत्तर अपुरं आहे. बारा महिने चोवीस तास अभ्यास कुणी करत नाही, करतो म्हणणारासुद्धा. इथे आपल्या तालुक्यातलीच दुसरी गोष्ट उपयोगी पडते.

डॉक्टर अभय आणि राणी बंग १९८६च्या सुमारास अमेरिकेतलं शिक्षण संपवून गडचिरोलीत आले. सिकलसेलचा आजार या भागात आहे हे त्यांनी रक्ताच्या तपासण्या करून दाखवलं. डॉक्टरांच्या लेखी तो मोठा शोध होता. लोकांना मात्र ती आपली तातडीची अडचण वाटली नाही. ज्यांच्यासाठी काम करायला आलो त्यांनीच पाठ फिरवली, तर दुसरा कुणी एक तर रागावला असता, नाहीतर परत गेला असता. त्यांनी प्रश्न बदलला. लोकांना विचारलं आणि लोकांच्या तोंडून आलं ते पोरांचं मरण. घरोघर जाणं, मोजणं, नोंदी ठेवणं, हे सिकलसेलसाठी कमावलेलं कसब तसंच होतं, ते नव्या प्रश्नाला लागलं. गावातल्याच बायांना शिकवून त्यांनी आरोग्यदूत केलं, नवजात बाळाची काळजी घरातच घ्यायची पद्धत बसवली. या कामाने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे देशाच्या सरकारी कार्यक्रमातही घरच्या घरी बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आली आणि आज आपल्या गावची आशाताई तेच काम करते. चातगावजवळचं त्यांचं शोधग्राम धानोरा तालुक्यातच आहे. बसमधून जाताना त्याची पाटी दिसते.

तुमची गोष्ट बंगांएवढी मोठी असायची गरज नाही. पाहायचं ते एवढंच, की तयारीत कमावलेलं काय असं आहे जे कुणाच्या सहीवाचून चालतं. तलाठी भरतीसाठी सातबारा आणि फेरफार पाठ केला असेल तर गावातल्या निम्म्या घरांना तो वाचून दाखवणारा माणूस हवा आहे. वनरक्षकासाठी वनहक्क कायदा वाचला असेल तर तुमच्या ग्रामसभेला विचारा, तिचा आराखडा कोण लिहितो, तेंदूचा हिशोब कोण ठेवतो, ठेकेदाराशी झालेला करार कोण वाचतो. सामूहिक वनहक्क मिळालेल्या आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक ग्रामसभांकडे हंगामात बऱ्यापैकी रक्कम येते आणि खातेवही लिहिणारा, बँकेत जाणारा, मराठी कागद गोंडीत समजावून सांगणारा माणूस त्यांना हवा असतो. काही ठिकाणी मानधन मिळतं, काही ठिकाणी नाही. त्याचं आधीच बोलून घ्या, फुकट राबायला जाऊ नका. धावणं जमत असेल तर शाळेतल्या पोरांना पळवा. हे ‘तोवरचं’ काम म्हणून करू नका. नोकरी लागली नाही तरी ज्याची लाज वाटणार नाही असंच काम निवडा. नाहीतर तेही एक प्रतीक्षालय होतं.

आता एक इशारा. सगळंच अपयश गिळायचं नसतं. पेपर फुटला, उत्तरतालिका चुकली, यादी न्यायालयात अडकली, तर तो प्रश्न मनाच्या शांततेचा नाही, हक्काचा आहे. पेसातल्या १७ संवर्गांची भरती रखडली तेव्हा आदिवासी उमेदवारांनी २०२४मध्ये नाशिकला आंदोलन केलं. तेव्हा कुठे तात्पुरत्या मानधनावर नेमणुका द्यायचा मार्ग निघाला. मनासारखा नसेल, पण घरी बसून तेवढाही निघाला नसता. यात तीन गोष्टी पाळा. उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची मुदत फार थोडी असते, ती पहिल्याच दिवशी बघा आणि हरकत पुस्तकाच्या पानाचा पुरावा जोडून घ्या. एकट्याने लढू नका, वकिलाचा खर्च दहा जणांत वाटला की झेपतो. आणि लढा चालू असताना पुढची तयारी किंवा हातातलं काम थांबवू नका. न्यायालयाची तारीखही शेवटी दुसऱ्याचीच सही आहे.

उरले घरचे, शेजारचे आणि गावातले काका-मामा. तुम्हालाही थोडं सांगायचं आहे. ‘लागला का रे?’ हा आपल्याकडचा नमस्कार झाला आहे. लग्नात, बाजारात, तेराव्यालासुद्धा. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला माहीत आहे. पण ज्याला विचारलं तो त्या दिवशी पाचव्यांदा उत्तर देत असतो. त्यापेक्षा ‘सध्या काय चाललंय?’ असं विचारा, म्हणजे त्याला नोकरी सोडून दुसरं काही सांगायला जागा राहते. अमक्याचा पोरगा पहिल्याच भरतीत लागला, हे त्याला ठाऊक असतं, ते दोघं एकत्र धावत होते. पोरींच्या बाबतीत आणखी एक. एक भरती हुकली की लगेच स्थळं बघायला सुरुवात होते, जणू निकाल म्हणजे लग्नाची परवानगी. पोराला दोन भरत्या दिल्या असतील तर पोरीलाही दोन द्या.

आणि एखादा पोरगा किंवा पोरगी निकालानंतर जेवत नसेल, रात्र रात्र जागत असेल, ‘मी घराला ओझं झालो’ असं बोलत असेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा एकाएकी फार गप्प झाली असेल, तर ‘होईल ठीक’ म्हणून सोडू नका. जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट मनात असेल तर बाहेर येतो. त्या दिवसांत त्याला एकटं ठेवू नका, आणि शेतावरच्या फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात टाका. टेली-मानस ही सरकारची फुकट सेवा आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. गावात रेंज नसेल तर जिथे रेंज मिळते तिथवर त्याच्यासोबत जा, फोन तुम्ही लावा आणि मग त्याच्या हातात द्या. तेही जमलं नाही तर आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा धानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथल्या डॉक्टरला ‘ताप आहे’ असं सांगू नका, खरं ते सांगा, म्हणजे तो पुढे गडचिरोलीला पाठवू शकेल.